शेपटीतले तारे

कांचन एकटीच आली, हे योगिनीनं गच्चीवरून पाहिलं.

गच्चीवर सोयाबीन वाळत घातलं होतं. ते पायानं उलथता उलथता ती सारखी रस्त्याकडं बघत होती, कारण लेकीची, संस्कृतीची, शाळा सुटायची वेळ झाली होती आणि पहिलीतली पोर रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बघत होती पोरीची वाट, दिसली नणंद. आसेगावच्या थांब्यावर एस.टी. थांबली, निघून गेली, आणि मागं उरलेल्या धुळीत कांचन उभी होती. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी.

दिवाळी तोंडावर आलेली. लेकींनी माहेरी यायचे हेच दिवस. पण लेक अशी आपली आपण येत नसते, तिला आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. मुराळी बहिणीच्या सासरी जातो, त्याला पाटावर बसवून जेवू घालतात, आणि तो एकदा दारात उभा राहिला की बहिणीला नाही म्हणता येत नाही, सासरच्यांनाही नाही. योगिनीचा नवरा विकास वसुबारसेला वाशीमजवळच्या मालेगावला जाऊन कांचनला आणणार होता. घरात तसं ठरलंही होतं.

"काहून वं, फोन तरी कराचा!" रुख्मिणीबाई लेकीच्या हातातली बॅग घेत म्हणाल्या. "दादा आला असता घ्यायले."

"दादाले कायले तरास, आई. गाड्या कोठी कमी हायेत," कांचन म्हणाली आणि हसली. ते हसू तिच्या गालांपर्यंत पोचलं नाही.

योगिनीनं पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली. पिशवीच्या तोंडाशीच एक चार्जर होता. पांढऱ्या वायरीचा, आणि वायर चांगली दोन-तीन माणसांच्या उंचीएवढी लांब. योगिनी त्याला ओळखत होती. मालेगावच्या घरात दिवाणामागं जो बोर्ड आहे तिथं हा चार्जर कायमचा खोचलेला असतो. तो काढायचा तर दिवाण सरकवावा लागतो, आणि दिवाण सरकवायला दोन माणसं लागतात. चार दिवसांसाठी माहेरी येणारी बाई तो चार्जर आणत नाही.

तिनं पिशवीचं तोंड नीट मुडपून ठेवलं आणि बाहेर येऊन चहाचं आधण टाकलं.

मालेगावचं ते घर योगिनीला इतकं पाठ असण्याचं कारण असं, की ते तिचं माहेर होतं. मालेगावची योगिनी आसेगावात जानरावांच्या विकासला दिली, आणि त्याच मांडवात, त्याच दिवशी, विकासची बहीण कांचन योगिनीच्या धाकट्या भावाला, प्रज्वलला दिली. एक मांडव, एक वाजंत्री, दोन लग्नं. साटंलोटं म्हणतात त्याला. दोन्ही घरांना सोयीचं वाटलं होतं. तुमची लेक आमच्याकडं, आमची लेक तुमच्याकडं. कोण कोणाला छळणार? त्यामुळं कांचन योगिनीची नणंदही होती आणि भावजयही. संस्कृतीला बोलायला लागल्यावर प्रश्न पडला, हिला बापाकडून आत्या म्हणू की आईकडून मामी? तिनं आपल्यापुरता तो सोडवला. ती 'आत्यामामी' म्हणायची.

"आत्यामामी!" दप्तरासकट पोरगी कांचनच्या अंगावर आदळली. कांचननं तिला असं घट्ट धरलं की योगिनीनं मान दुसरीकडं वळवली.

योगिनी बी.एस्सी. झालेली होती, वाशीमच्या कॉलेजातून, फिजिक्स घेऊन. पुढचं राहून गेलं. पण दुपारची भांडी आवरली की ती मोबाइल घेऊन ओसरीच्या खांबाला टेकायची आणि दीर्घिका बघायची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले दीर्घिकांचे फोटो असतात, लाखांनी. ते बघून त्यांची जात लावायला जगभरातले हौशी लोक मदत करतात. त्यातली ती एक. फोटो समोर येतो, खाली प्रश्न येतात. चक्रासारखी आहे का? हात किती आहेत? आणि कधीकधी दोन दीर्घिका जवळजवळ दिसल्या की तो प्रश्न येतो, ज्यावर ती सगळ्यात जास्त वेळ घालवायची: या दोघी खरंच एकमेकींत गुंतल्या आहेत, की नुसत्या एकीमागं एक दिसताहेत?

कारण इथून दोन्ही सारखंच दिसतं. एक जवळ असते, दुसरी तिच्या कितीतरी मागं, आणि दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. म्हणून खुणा शोधाव्या लागतात. कोणाचा हात वाकडा झाला आहे का, दोघींच्या मधे उजेडाची पुसट रेघ आहे का, मागं शेपटी निघाली आहे का. शेपटी दिसली की संपलं. मग त्या गुंतलेल्याच.

त्या दिवसापासून योगिनी घरात तेच करायला लागली. कांचनचं मोडलं तर ते कांचनचं, आपलं काय त्यात? विकासचं आणि आपलं काहीच बिघडलेलं नाही. कांचनचं दुःख फक्त आपल्या घरासमोर येऊन उभं राहिलं आहे, आपल्याला लागलेलं नाही. असं ती स्वतःला सांगायची, आणि सांगता सांगता खुणा शोधायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्कृतीनं विचारलं, "आई, ह्या दोघी भांडून राह्यल्या का?" मोबाइलवर तेव्हा तशीच एक जोडी होती.

"भांडत नाहीत, एकमेकींतून चालल्या आहेत. थांब, दाखवते."

योगिनीनं परात आणली, पाणी ओतलं. एका बाजूला चिमूटभर तीळ टाकले, दुसऱ्या बाजूला मोहरी, आणि दोन बोटांनी दोन्हीकडं हलकेच गोल फिरवलं. दोन भोवरे झाले, एक पांढरा, एक काळा. खरं आकाशात पाण्यासारखं काही नसतं, पण लेकराला दाखवायला बरं. भोवरे सरकत सरकत एकमेकांजवळ आले. कांचनही तांदूळ निवडणं सोडून जवळ येऊन बसली.

"मंग तारे एकमेकाईवर आपटतात?" संस्कृतीनं परातीत नाक घातलं.

"नाही ना. तारे फार लांब लांब असतात. समज, एक तारा म्हणजे हा तीळ, इथं आसेगावात. तर त्याच्या शेजारचा तीळ मालेगावच्याही पलीकडं."

"मामाच्या घरापाशी?"

"त्याच्याही पुढं. मधे सगळं मोकळंच. म्हणून दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार जातात, आणि एकही तारा दुसऱ्याला लागत नाही."

"मंग होते काय?" हे कांचननं विचारलं.

"ओढ लागते. जवळच्या बाजूला जास्त, लांबच्या बाजूला कमी. म्हणून ताणल्या जातात. चक्राचा आकार राहत नाही. मधलं मधे राहतं, कडेचे तारे मात्र बाहेर फेकले जातात, हे असे, शेपटीसारखे." तिळांची एक बारीक ओळ खरंच परातीच्या काठाकडं निघाली होती. "पुढं जाऊन पुन्हा माघारी येतात, पुन्हा एकमेकींतून जातात. असं होत होत शेवटी दोघींची एकच होते. हात नाही, चक्र नाही. नुसता गोळा."

कांचन परातीकडं बघतच म्हणाली, "म्हंजे धक्का कोनाचा कोनाले लागला नाही, आन घर मात्र दोघीचं बी मोडलं. वैनी, तुमच्या दीर्घिकाईचं बी साटंलोटंच दिसते मले."

दोघींना हसू फुटलं. इतकं, की कांचनला ठसका लागला. "काय खिदळून राह्यल्या वं?" आतून रुख्मिणीबाईंचा आवाज आला.

संस्कृतीचं अजून संपलं नव्हतं. "ते शेपटीतले तारे वापस येतात का घरी?"

"काही येतात."

"आन बाकीचे?"

"बाकीचे नाही येत," योगिनी म्हणाली आणि परात उचलून पाणी तुळशीत ओतायला गेली.

प्रज्वल वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. तो मारत नव्हता, पीत नव्हता. वाशीम रस्त्यावर, घराखालीच, फवारणीच्या पंपांचं दुकान होतं, ते नीट चालवायचा. फक्त बोलत नव्हता. वडील गेल्यापासून त्याचं बोलणं कमी होत गेलं आणि मूल होत नाही म्हणून दवाखाने सुरू झाल्यावर तर संपलंच. "घरात मानूस हाय का भिंतीवरचा फोटो, समजत नाही, वैनी," कांचन म्हणाली. "चहा ठेवला तं पेते. काढून घेतला तं इचारत नाही. आन तुमची आई रोज एक नवा डॉक्टर नाहीतं नवा महाराज सांगतात. त्याहीचं बी चुकत नाही, त्याहीले नातू पाह्यजे. पन मी थकली. बस. थकली म्हून आली."

योगिनीनं प्रज्वलला फोन केला.

"आली तं येऊ दे," तो म्हणाला. "मी काय दार लावून ठेवू?"

"तू काही बोलत नाहीस म्हणे तिच्याशी."

तिकडून एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग तो म्हणाला, "संस्कृती काय करते?"

लहानपणी पतंग तुटला तरी तो असाच दुसरंच काहीतरी विचारायचा. योगिनीनं सांगितलं, संस्कृती बरी आहे.

रविवारी विकासचे काका, पंजाबराव, ओसरीवर येऊन बसले. सासरे जानराव होते, विकास होता. योगिनी घराच्या जुन्या, कौलारू भागात चुलीपाशी चहा करत होती, आणि मधली भिंत विटांची असली तरी वरून कौलांकडं मोकळी होती.

"साटंलोटं हाय हे," पंजाबराव म्हणत होते. "आपली लेक त्याहीनं नांदवली नाही, आपल्या दारात आनून बसवली. मंग त्याहीची लेक आपल्या घरात कायले? धाडा तिले. आठ दिवसात जवाई गाडी घेऊन येते का नाही, पाहा."

"पन सुनबाईचं काय चुकलं?" जानराव म्हणाले. ते नेहमी खाली बघून बोलायचे.

"चुकलं कोन म्हन्ते? चांगली हाय पोरगी. म्हनूनच त्याहीच्या जीवाले लागन. दाब पडाले पाह्यजे."

"आन संस्कृती?" विकासनं विचारलं.

योगिनीच्या हातातली चिमट्यानं धरलेली पातेली तशीच राहिली.

"पोट्टी इथंच ठेवा," पंजाबराव म्हणाले, जसं एखाद्यानं बैल कुठं बांधावा ते सांगावं तसं, राग नाही, लोभ नाही. "पोट्टी इथं राह्यली तं माय वापस येईन. मायसाठी भाऊ झुकंन. भाऊ झुकला तं कांचनले नेईन. पोट्टी बी तिकडं गेली, मंग आपल्या हातात काय राह्यलं?"

चहा उतू गेला. योगिनीनं फडक्यानं पुसलं, पुन्हा दूध टाकलं, साखर टाकली, कपात ओतला, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून तो नेऊन दिला. काकांनी "सुखी राहा, माय" म्हटलं.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं विकासला गाठलं. "तुमी काही बोलले नाही."

"मी बोलतो," विकास म्हणाला. "बाबाशी बोलतो. काकाचं काय, ते बोलतच राहतात."

"पोरगी सोडून मी जाणार नाही. ऐकलं का?"

"अव, कोनी धाडून राह्यलं का तुले? मी बोलतो म्हटलं ना."

तो चांगला माणूस होता. दोन दिवसांत दोनदा त्याचं तोंड बोलण्यासाठी उघडलेलं तिनं पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्यातून निघालं ते तुरीच्या फवारणीचं.

खुणा मात्र निघत राहिल्या. पहिली: रुख्मिणीबाई सकाळी संस्कृतीची वेणी घालायला लागल्या. "तुले सैपाक हाय, दे इकडं." दुसरी: पोरीची गोधडी कांचनजवळ पडली, कारण आत्याला एकटीला झोप लागत नाही. तिसरी खूण योगिनीला कपाटात सापडली. तिच्या कपाटात संस्कृतीचा खण रिकामा होता. फ्रॉक, स्वेटर, शाळेचा दुसरा जोड, सगळं सासूबाईंच्या लोखंडी कपाटात गेलं होतं, नीट घड्या घालून.

"तुयं कपाट गच्च झाल्तं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या हातात कांचनच्या लहानपणीचं एक झबलं होतं, जुन्या कपड्यांत सापडलेलं, आणि त्या ते पुन्हापुन्हा गुडघ्यावर पसरून सारखं करत होत्या. त्यांच्यावर चिडावं असंही योगिनीला नीट जमेना. त्यांची लेक परत आली होती. त्या आपल्या लेकीला ओढत होत्या, आणि जे जवळ होतं ते त्यांच्याबरोबर ओढलं जात होतं.

त्या संध्याकाळी संस्कृतीला घेऊन ती गच्चीवर गेली. चंद्र उगवायचा होता, आणि आसेगावात अंधार अजून अंधारासारखा पडतो. पूर्वेला वर तिनं बोट दाखवलं. "ते धुसकट दिसतं का? ढगाचा तुकडा असल्यासारखं? ती देवयानी. आपल्या आकाशगंगेच्या शेजारची दीर्घिका."

"ती बी आपल्याशी धडकन?"

योगिनी कॉलेजात होती तेव्हा सर छातीठोक सांगायचे, धडकणारच, चार-पाचशे कोटी वर्षांनी. पण अलीकडं तिनं वाचलं होतं की नव्या गणितात ते तितकं नक्की राहिलेलं नाही. होईलही, नाहीही, जवळपास निम्मं-निम्मं. कारण भोवती लहान दीर्घिका आहेत, आणि त्या लहान असल्या तरी त्यांच्या ओढीनं मोठ्यांची वाट थोडी वाकते.

"सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि पोरीला जवळ ओढलं. लहान असली तरी वाट वाकते. रात्री तिला तेच आठवत राहिलं आणि त्यातूनच तिला वाटलं, एकदा प्रज्वलला सगळं खरं सांगून बघावं. भाचीवर त्याचा जीव होता. भाचीसाठी तरी तो हलेल.

सकाळी विहिरीपाशी जाऊन तिनं फोन लावला. काहीही लपवलं नाही. "इकडं मला धाडायचं ठरतंय, प्रज्वल. आणि पोरीला ठेवून घेणार आहेत. तू कांचनला न्यायला ये. भांडू नको, काही नको, नुसता ये आणि ने तिला. ती येईल. मी बघते ना रोज, ती वाट बघते तुझी."

तिकडं त्यानं गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"येतो मी," तो म्हणाला. "उद्या येतो."

योगिनीनं घरात येऊन सांगितलं, प्रज्वल येतोय. आणि घर एकदम हललं. जानरावांनी ओसरी झाडायला लावली. रुख्मिणीबाईंनी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. जवाई येणार, पुरण पाहिजे. विकास मंगरुळपीरला जाऊन जवायासाठी शर्ट-पँटचं कापड आणि टोपी-टॉवेल घेऊन आला, आणि येताना योगिनीकडं बघून असा हसला की जणू बोलायचं ते त्यानंच बोलून टाकलं होतं. कांचन दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाली, केसांना आवळ्याचं तेल लावलं, आणि योगिनी पाणी भरून आली तेव्हा आतल्या खोलीत दिसलं की तिची बॅग भरून दाराशी ठेवली आहे, आणि तो लांब चार्जर गुंडाळून, रबर लावून, पिशवीत सगळ्यात वर.

"वैनी," कांचन हळूच म्हणाली, "ही साडी बरी दिसते का? का ते निळी?"

"हीच," योगिनी म्हणाली. तिनं कांचनच्या निऱ्या सारख्या करून दिल्या.

प्रज्वल अकराच्या सुमाराला आला. मित्राची बोलेरो घेऊन आला होता. उतरला तो पांढऱ्या शर्टात, खांद्यावर नवा रुमाल, हातात फराळाची पिशवी. लाडू-चिवड्याचे दोन डबे वरूनच दिसत होते. योगिनीची नजर त्या डब्यांवर अडली. सासुरवाडीला येणारा जवाई फराळ घेऊन येत नाही. फराळ घेऊन येतो तो मुराळी.

"या, जवाई, या," जानराव उठले. पाट मांडलेला होता.

प्रज्वलनं वाकून नमस्कार केला, पण पाटावर बसला नाही. ओसरीच्या पायरीवर उभा राहिला. "मामाजी, मी ताईले घ्यायले आलो. दिवाळीसाठी."

कोणाला काही समजलं नाही. आत तव्यावर पोळी होती, तिचा वास येत होता.

"तू काय बोलून राह्यला?" योगिनी म्हणाली. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"तूच त सांगतलं, ताई. तुले धाडून राह्यले म्हून." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच एका दमात इतकं बोलत होता. "माह्या बहिनीले कोनी हाताले धरून काढावं, आन मी दुकानात बसून राहावं? तुले काढाच्या आधी मी नेतो. मानानं नेतो. बाबा असते तं तेच आले असते."

तो तिला वाचवायला आला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि दाराशी भरून ठेवलेली बॅग त्याला दिसत होती की नाही कोण जाणे. योगिनीला दिसली. बॅगेमागं कांचन उभी होती, तेल लावलेल्या केसांची, हिरव्या साडीतली.

"प्रज्वल, कांचनला ने. मी हात जोडते."

तो कांचनकडं बघायला वळला. खरंच वळला. योगिनीला वाटलं, आता बोलेल. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. कांचनही उंबऱ्यापर्यंत आली. पण त्याची नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच खाली गेली, आणि तो म्हणाला, "तिले याचं अशीन तं तिनं बोलावं. गेली तवा मले इचारून नाही गेली."

कांचननं बॅग उचलली, आणि आत नेऊन ठेवली. दार लोटलं. आवाज न करता.

मग सगळं भराभर झालं, आणि कोणीच काही केलं नाही. जानराव म्हणाले, मुराळी दारात आला, नाही कसं म्हनावं. रुख्मिणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पुरणपोळ्या डब्यात भरल्या, रिकाम्या हातानं कसं धाडायचं म्हणून. प्रज्वल जेवला नाही. जेवला नाही तो रागानं नव्हे, हे योगिनीला दिसत होतं. विकासनं योगिनीची पिशवी गाडीत ठेवली.

"संस्कृतीचे कपडे?" योगिनीनं विचारलं.

विकास गाडीतली पिशवी पुन्हा सारखी करत राहिला.

"अजी, मी संस्कृतीचे कपडे म्हणते."

"चार दिवसाचं त काम हाय," विकास म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून तिला जास्त भीती वाटली. "परीक्षा हाय तिची सोमवारी. भाऊबीजेले मी येतो ना घ्यायले. मी बोलतो बाबाशी."

संस्कृती आजीचं बोट धरून उभी होती. तिला दिवाळी, गाडी, मामा, एवढंच कळत होतं. "मी नाही येत का?"

योगिनीनं तिला उचललं. घेऊन गाडीत बसावं, झालं. कोण हिसकणार होतं? कोणी हिसकलंही नसतं. पण तिला दिसत होतं, पोरीला घेऊन ती बसली की हे दार बंद होईल; पंजाबरावांच्या हिशेबात मग या घराच्या हातात काहीच उरणार नाही, आणि कांचनचं दारही त्याच वेळी लागेल, कायमचं. पोरीला ठेवलं तर दोन्ही दारं किलकिली राहतील. असं तिनं त्या क्षणी समजून घेतलं. बरोबर समजली का, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. तिनं पोरीच्या वेणीत नाक खुपसलं. आजीनं घातलेली, फार घट्ट वेणी.

"परीक्षा झाली की," ती म्हणाली, आणि पोरीला खाली ठेवलं.

गाडी वळली तेव्हा प्रज्वल म्हणाला, "ताई, आता तुले कोनी काही बोलनार नाही." तो रडत होता. योगिनी मागं बघत होती. रस्ता ओलांडून कोणी पळत येत नव्हतं, एवढंच तिनं पाहिलं.

मालेगावच्या घरात दिवाण भिंतीपासून हातभर सरकवलेला तसाच होता. प्रयागबाई, तिची आई, म्हणाली, "आली माय, बरं झालं," आणि पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आत गेली. दिवाणामागच्या बोर्डाला रिकामी छिद्रं दिसत होती.

अंधार पडल्यावर कांचनच्या नंबरवरून फोन आला. योगिनी फोन घेऊन गच्चीवर पळाली.

"आई, मी गच्चीवर हाय!" संस्कृती धापा टाकत होती. "आत्यामामीनं फोन देला. देवयानी दिसून राह्यली!"

"दिसली? कुठं?"

"तू दाखवली ना, तठीच. तुले दिसते का?"

योगिनीनं वर बघितलं. समोर पेट्रोल पंपाचे दिवे होते, रस्त्यावर दुकानांच्या माळा लागल्या होत्या, आणि वरचं आकाश पिठूळ झालं होतं. ती पाण्याच्या टाकीमागं गेली, एका हातानं उजेड झाकला. चार-दोन मोठे तारे होते. बाकी काही नाही.

"दिसली," ती म्हणाली.

"धुसकट हाय."

"हो. धुसकटच."

"हालत नाही वं ती, आई."

"इतक्या लांबून हलताना दिसत नाही. जेवलीस का?"

"पुरनपोळी खाल्ली. आत्यामामी नाही जेवली." मग आवाज लांब गेला, कोणाशी तरी बोलून परत आला. "आई, फोनची बॅटरी संपून राह्यली. आत्यामामी म्हन्ते खाली ये, चार्जरले लावू. पन वायर गच्चीवर पुरत नाही. मी खाली गेली तं देवयानी नाही दिसनार."

"मग थोडं थांब वर," योगिनी म्हणाली. "बोल तू. मी ऐकते."

"काय बोलू?"

"काहीही बोल. काय दिसतं ते सांग."

पोरगी सांगायला लागली. सोयाबीन गोळा करून ठेवलं, आजीनं. खाली बाबा बसले आहेत. कुत्रं. एक तारा हिरवा आहे, नाही, पांढरा. योगिनी टाकीला टेकून, कानाला फोन घट्ट दाबून, डोळे वर लावून उभी होती. खालून प्रज्वलचं शटर ओढल्याचा आवाज आला. पोरगी एका वाक्याच्या मधेच होती, "आन आई ते देवयानीच्या बाजूले," आणि फोन बंद पडला.

योगिनीनं लगेच लावला. लागला नाही. ती तशीच उभी राहिली, दर थोड्या वेळानं पुन्हा लावत, आणि मधल्या वेळात देवयानी जिथं असायला पाहिजे तिथं बघत.